जमिनीवर बसणाऱ्यांसाठी हीटिंग : आमच्या मंदिरातील सहा महिन्यांचा अनुभव

उत्तर इंग्लंडमधील आमचे मंदिर एका जुन्या मेथडिस्ट चॅपलच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या, इमारतीत आहे. गुजराती सत्संग, तमिळ कुटुंबांची पूजा आणि आमचे शनिवारचे मराठी भजन एकाच सभागृहात होते आणि हीटिंगचे बिल सर्वांच्या वर्गणीतून भरले जाते. गेल्या ऑक्टोबरात गॅसवरचा जुना ब्लोअर काढून भिंतींवर समोरच्या माणसाला थेट ऊब देणारी विजेची इन्फ्रारेड पॅनेल आणि बैठकीसाठी विजेवर तापणारे गालिचे घेतले. मार्चअखेरपर्यंत ते वापरल्यावर हे लिहीत आहे.

ब्लोअर भजनाच्या तीन तास आधी लावावा लागे. गरम हवा हलकी असल्याने उंच छताखाली जाऊन साठे आणि खाली बसलेल्यांचे तळवे गारठलेलेच राहत. चॅपलमध्ये माणसे बूट घालून बाकांवर बसत. आपण जोडे बाहेर काढून मांडी घालतो. हीटिंग निवडताना हाच फरक सर्वांत आधी पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

गालिच्यांबाबत माझी काहीच तक्रार नाही. ते पंधरा-वीस मिनिटांत उबदार होतात, आणि घरून रजईची घडी आणून तिच्यावर बसणाऱ्या एका ज्येष्ठ काकूंनी डिसेंबरपासून ती आणणे बंद केले आहे. पॅनेलसमोर कोवळ्या उन्हात बसल्यासारखे वाटते, मात्र ऊब समोरच्या अंगालाच लागते आणि पाठ थंड राहते. बसवणाऱ्याने दोन पॅनेल फार उंच लावली होती. दोनदा पाठपुरावा केल्यावर ती खाली आली. तबला पॅनेलजवळ ठेवू नये. उष्णतेने पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, आणि एकदा ऐन अभंगात गट्ट्यांवर हातोडी मारत बसावे लागले.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पंचेचाळीस मिनिटांनी आपोआप बंद होणारे बटण. पूर्वी शनिवारी रात्री सुरू राहिलेला ब्लोअर सोमवारी सकाळी कुणाच्या तरी लक्षात येई आणि मग कोणत्या गटाने चूक केली यावरून मने दुखावत. आरती चालू असताना ऊब बंद झाली तर पुन्हा बटण दाबावे लागते. एवढा त्रास सर्वांनी आनंदाने सोसावा.

विजेचे युनिट गॅसपेक्षा बरेच महाग असल्यामुळे रिकाम्या सभागृहात पॅनेल चालू ठेवणे परवडणारे नाही. घरगुती ग्राहकांना मिळणारी दरमर्यादा मंदिराच्या कराराला लागू होत नाही. मात्र धर्मादाय वापराचे प्रमाणपत्र पुरवठादाराला दिल्यास व्हॅट 20 ऐवजी 5 टक्के लागतो. आम्ही ते नोव्हेंबरात दिले, खरे तर पहिल्याच वर्षी द्यायला हवे होते.

कडाक्याच्या थंडीत कुणी सिलिंडरवरचा हीटर आणला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. सिलिंडरमधला 1 किलो प्रोपेन वायू जळल्यावर सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते आणि ती थंड भिंतींवर धरते. जानेवारीत एका कार्यक्रमात असे दोन हीटर लावले, तेव्हा गाभाऱ्यामागच्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ आले आणि तिथला रंग अजूनही सुटतो आहे.

दाराजवळची शेवटची रांग मात्र अजून थंडच असते. तिथे जाड पडदा आणि आणखी दोन गालिचे पुढील ऑक्टोबरपूर्वी घ्यावेत, असा अर्ज मी समितीकडे दिला आहे.