एलिट डेंजरस: शिकारीसाठी घ्यावा असा गेम

भुसावळात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरसमोर बसून मी गेममधली वॉन्टेड, म्हणजे डोक्यावर बक्षीस लागलेली अंतराळजहाजं शोधतो. फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा हा २०१४ चा गेम अख्खी आकाशगंगा खऱ्या मापात उभी करतो, पण माझा जीव रमला तो बाउंटी हंटिंगमध्ये, म्हणजे अशी जहाजं फोडून बक्षीस कमावण्यात.

पहिल्याच आठवड्यात स्कॅन पुरा होण्याआधी लेसर चालवला. समोरचा निर्दोष निघाला, बक्षीस माझ्याच डोक्यावर लागलं आणि पोलिसांनी जहाज फोडलं. फार जिव्हारी लागलं होतं ते. तेव्हापासून ‘वॉन्टेड’ दिसेपर्यंत ट्रिगरला बोट लावत नाही. किल वॉरंट स्कॅनर मात्र बसवाच, दुसऱ्या सत्तांनी लावलेली बक्षिसंही त्याच शिकारीवर मिळतात.

नवीन असाल तर ग्रहांच्या कड्यांमधल्या खाणींवर, जिथे पोलीस फिरतात तिथेच थांबा. ‘हझार्डस’ खाणीवर मदतीला कुणी येत नाही. आधी लेसरने शील्ड उतरवायची, मग मल्टी-कॅननने जहाजाचं अंग फोडायचं. वळताना थ्रॉटल (वेगाचा काटा) निळ्या पट्ट्यात ठेवा, जहाज चटकन फिरतं. मार बसू लागला की जहाजाची सगळी ताकद सिस्टिमकडे, म्हणजे शील्ड टिकवायला. आणि हाव आवरा भाऊ: जहाज फुटलं तर न वटवलेली बक्षिसं सगळी जातात.

व्हल्चर नावाचं लढाऊ जहाज घेतलं आणि खेळच बदलला. दोनच तोफा, पण मोठ्या!

एक खंत आहे. एकट्याने खेळतानाही नेट लागतं, आणि आमच्याकडे वळवाच्या वाऱ्यात आधी वीजच जाते.