रॅम एअर घरी बनवताय? उघडा कोन फिल्टर की मूळ डब्याला डक्ट

घरच्या घरी रॅम एअर, म्हणजे धावत्या गाडीला समोरून लागणारी हवा थेट इंजिनाकडे नेण्याची सोय, बसवायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे एअर फिल्टरचा मूळ डबा काढून टाकायचा, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या टोकाला उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर लावायचा आणि बंपरमधून नळीने त्याच्यापर्यंत हवा आणायची. दुसरी वाट अशी की डब्याला हातच लावायचा नाही, फक्त त्याच्या तोंडापासून पुढच्या ग्रिलपर्यंत डक्ट, म्हणजे हवेसाठी बंद वाट, न्यायचा. मी दोन्ही वापरून पाहिल्यात. कोन फिल्टर आवडणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्याची मजा मलाही ठाऊक आहे.

आधी 'रॅम' या शब्दाकडून किती अपेक्षा ठेवायची ते बघू. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. 200 गाठलेत तरी तो दोन टक्क्यांपर्यंत पोचत नाही. खरी कमाई आहे ती गार हवेची. हवा साधारण 3 अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने उतरते, आणि बोनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा 20-30 अंशांनी सहज जास्त तापते. त्यामुळे निवड करताना दाबापेक्षा इंजिनाच्या तोंडी गरम हवा जाऊ न देणं कुणाला जमतं, हे मी जास्त महत्त्वाचं धरतो.

कोन फिल्टरने मोकळ्या रस्त्यावर मन जिंकलं. पाय दाबला की हवा ओढल्याचा तो भरदार आवाज येतो आणि गाडी हलकी वाटायला लागते. पण गर्दीत दोन सिग्नल लागले की चित्र पालटायचं. गाडी उभी असते, समोरून वारा नसतो, रेडिएटरचा पंखा सगळी गरम हवा मागे ढकलत असतो आणि फिल्टर नेमका त्याच हवेत उघडा बसलेला. हिरवा दिवा लागल्यावर क्लच सोडावा तर गाडी जडावलेली, पहिल्या गिअरमध्ये नेहमीपेक्षा जास्त रेस द्यावी लागायची. वेग धरून थोडं अंतर गेल्यावर पुन्हा सगळं ठीक. माझ्याकडे आलेख नाहीत, पण रोज त्याच चौकात तोच जडपणा पायाला जाणवला की आलेखाची गरज उरत नाही. मग पत्र्याचा आडोसा केला, कडेला रबर लावून तो बोनेटला टेकवला. फरक पडला, नाही असं नाही. पण आडोसा चारही बाजूंनी नीट बंद करत गेलं की शेवटी डबाच तयार होतो, आणि डबा तर गाडीबरोबर आधीच आलेला असतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. डक्ट फिल्टरच्या अलीकडे असतो. जोड थोडा सैल राहिला तर जरा गरम हवा शिरेल, एवढंच. कोन फिल्टर बसवताना मात्र आपण फिल्टरच्या पलीकडच्या पाइपमध्ये हात घालतो. तिथला सैल क्लॅम्प थेट धूळ आत घेतो, आणि हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असेल तर त्याचं गणितही बिघडतं. तेल लावायचा फिल्टर घेतलात आणि तेल जास्त झालं तर ते त्या सेन्सरवर जाऊन बसतं, ते वेगळंच.

डक्टमध्ये मेहनत जास्त आहे, हे मान्य. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर जागा बोटभर असते. आधी पुठ्ठ्याचा साचा करा, त्यावर मातीचे छोटे गोळे ठेवून बोनेट अलगद बंद करा. गोळे किती दबले त्यावरून मोकळी जागा नेमकी कळते. मग प्लॅस्टिकचा पत्रा हीट गनने वाकवायचा. डक्टची आतली मोकळी जागा डब्याच्या तोंडापेक्षा कुठेही लहान होऊ देऊ नका. आतून गुळगुळीत पाइप वापरा. वळ्यांची नळी हवेला अडवते, ती फक्त हलणाऱ्या जोडापुरती ठेवा. डबा इंजिनावरच बसवलेला असेल तर तो लवचीक तुकडा हवाच, कारण इंजिन माउंटिंगवर सतत हलत असतं.

डक्टचं तोंड ग्रिलच्या वरच्या भागात, रेडिएटरच्या पुढे ठेवा. बंपरच्या खालच्या जाळीत हवा भरपूर असते, पण साचलेलं पाणीही तिथेच आधी पोचतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पुरेसं शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंडाला जाळी आणि डक्टच्या सर्वांत खालच्या बिंदूला एक भोक, एवढं तरी कराच. बंपरमागची लोखंडी पट्टी मात्र जागेसाठीसुद्धा कापू नका, धडकेत तीच उपयोगी पडते.

गाडी मुख्यतः ट्रॅकवर पळणार असेल, थांबणं जवळपास नसेलच आणि आवाजाची हौस असेल, तर कोन फिल्टर जरूर लावा. रोज गर्दीतून जायचं असेल तर मी डक्टच सुचवेन. फक्त फिल्टर ठरलेल्या सर्व्हिसची वाट न बघता अधूनमधून काढून बघा, कारण समोरून थेट हवा घेतल्यावर धूळ आणि किडेही जास्त येतात.