फॅमिली रूम: एस्टेट सेल की मार्केटप्लेस, काउबॉय की ब्लूबॉनेट?

आमच्या ओळखीतल्या तीन-चार जणांनी यंदा इकडे डॅलसच्या बाजूला घरं घेतली आणि प्रत्येकाचं गाडं येऊन अडतंय ते फॅमिली रूमपाशीच. पुढची ती फॉर्मल लिव्हिंग रूम वर्षभर रिकामी राहिली तरी कोणी विचारत नाही, पण पोरं, टीव्ही, धुतलेल्या कपड्यांचा ढीग, आलंगेलं माणूस सगळं ज्या खोलीत असतं ती सजवल्याशिवाय चालत नाही, आणि शोरूममधले आकडे बघितले की घाम फुटतो. मग सेकंडहँड. आणि टेक्सासमध्येच राहतोय तर भिंतीवर थोडं वेस्टर्न, म्हणजे घोडे, काउबॉय, वाळवंट, असं काहीतरी पाहिजे हेही डोक्यात येतंच. मी गेल्या वर्षी हे सगळं करून बसलेय आणि दोनदा चांगली आपटलेय, त्यामुळे कुठे काय घ्यायचं हे माझ्या अनुभवाने सांगते.

थ्रिफ्ट स्टोरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गुडविलसारख्या, लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात फर्निचर म्हणजे नशिबाचा भाग, दहा खेपा घातल्या तर एक खुर्ची बरी मिळते, पण फ्रेमसाठी मात्र तिथेच जा. बाहेर फ्रेम करून घ्यायला चित्रापेक्षा जास्त पैसे पडतात, आणि इथे भयाण चित्र असलेली भक्कम लाकडी फ्रेम पाच-दहा डॉलरला पडलेली असते, चित्र काढून टाकायचं आणि फ्रेम वापरायची. १६ बाय २० किंवा १८ बाय २४ इंच असली स्टँडर्ड साइझ बघून घ्या म्हणजे पुढे प्रिंट शोधायला त्रास नाही. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेचं रीस्टोर नावाचं दुकान पण बघा, तिकडे दिवे, दारं, शेल्फं चांगली असतात.

खरी चुरस एस्टेट सेल आणि फेसबुकचं मार्केटप्लेस यांच्यात आहे.

एस्टेट सेल म्हणजे काय तर एखादं म्हातारं माणूस जातं किंवा मुलांकडे राहायला जातं आणि मग आख्खं घर जसंच्या तसं विकायला काढतात, कपाटातल्या चमच्यांपासून गराजमधल्या शिडीपर्यंत सगळ्याला चिठ्ठी. साधारण दोन-तीन दिवस चालतो, पहिल्या दिवशी किंमत पूर्ण, शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी अर्ध्यावर येते. म्हणजे जुगारच, थांबलात तर स्वस्त पण वस्तू राहीलच असं नाही. आपल्या माणसांना सुरुवातीला हे जड जातं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं मेलेल्या माणसाच्या घरात शिरून त्याच्या वस्तू उचलायच्या? मला पण पहिल्यांदा कसंतरीच झालं होतं, स्वयंपाकघरात फ्रिजवर नातवंडांचे फोटो तसेच होते. पण तिथेच मला ते ओकचं सेंटर टेबल मिळालं, ६० डॉलर, आणि घरी आणून ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला तर तळाशी पेन्सिलीने डॉमिनोजच्या खेळाचे स्कोर मांडलेले, दोन कॉलम, खाली बेरजा, एका ठिकाणी बेरीज चुकलेली आणि दुसऱ्या अक्षरात दुरुस्त केलेली. ते मी पुसलं नाही. कोपऱ्यात लाकडाचे सांधे दातात दात अडकवल्यासारखे जोडलेले होते, नुसता स्टेपल आणि गोंद नव्हता, तेच बघायचं असतं. ड्रॉवर ओढून बघा, मागची फळी बघा, भुशाचा बोर्ड असेल तर कितीही गोड दिसू दे, सोडून द्या.

मार्केटप्लेसवर भाव एस्टेट सेलपेक्षाही खाली मिळतो कारण लोक घर बदलतात आणि त्यांना रविवारपर्यंत सोफा घराबाहेर हवा असतो. पण फोटो चार वर्षांपूर्वीचा, मापं अंदाजे, आणि निम्मे विकणारे गायब. एकाने मला बुककेस राखून ठेवायला ५० डॉलर आधी पाठवायला सांगितले, मी शहाणी पाठवून मोकळी झाले, तो पत्ता अजून शोधतेय. प्रत्यक्ष वस्तूला हात लावल्याशिवाय एक सेंट द्यायचा नाही. आणि ट्रकचं भाडं धरा. जाहिरातीत दिवसाचं भाडं वीस डॉलर दिसतं, त्यावर मैलामागे पैसे, इन्शुरन्स, पेट्रोल लागलं की ४० डॉलरचं कपाट शंभराला पडतं.

वेळ असेल, घाई नसेल, लाकडी सामान हवं असेल तर एस्टेट सेल. पुढच्या आठवड्यात सासू-सासरे येतायत आणि बसायला काही नाही, तर मार्केटप्लेस, पण घराजवळच्या पाच-सात मैलांत.

कापडाची कुठलीही वस्तू मात्र मी जुनी घेत नाही, कुठूनही. सोफा, गादी, कुशनवाली खुर्ची, नाही म्हणजे नाही. ढेकूण शिवणीत आणि पायपिंगच्या आत बसतात, टॉर्च मारून काळे बारीक ठिपके शोधता येतात पण एखादं राहिलं तर आख्ख्या घराला धुरी, आणि तो खर्च नव्या सोफ्याच्या वर जातो. आमच्या शेजारी झालंय. नवं कापड चढवून घेऊ म्हणाल तर त्याचे दर विचारून बघा एकदा. रंगवलेलं जुनं फर्निचर असेल आणि घरात रांगतं पोर असेल तर पण जपा, अमेरिकेत शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ साली, त्याआधीचा रंग पापुद्रे सुटलेला असेल तर तो पोराच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता भिंत.

वेस्टर्न आर्ट म्हटलं की दोन नावं समोर येतात, फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) आणि चार्ल्स रसेल (१८६४–१९२६). गंमत अशी की रेमिंग्टन जन्मला न्यूयॉर्क राज्यात, आणि रसेल सेंट लुइसचा पण तरुणपणी मोंटानात जाऊन खरोखर गुरांमागे राबला. मला रसेल जास्त आवडतो, त्याच्या चित्रातली माणसं दमलेली दिसतात. दोघांच्याही चित्रांवर आता कॉपीराइट नाही त्यामुळे प्रिंट स्वस्त आणि रग्गड. उसळलेल्या घोड्यावरचा तो रेमिंग्टनचा ब्राँझचा काउबॉय, १८९५ चा, त्याच्या नकला संगमरवरी बैठकीवर बसवून प्रत्येक अँटीक मॉलमध्ये मांडलेल्या असतात, जुना म्हणून भाव सांगतात, ऐकू नका. शिवाय तो जाम जड असतो आणि टोकदार, पोरांच्या खोलीत कशाला. मी स्वतः "ओरिजिनल" म्हणून ४० डॉलरला एक रसेल उचलला आणि घरी भिंगातून बघितलं तर सगळीकडे छपाईचे रंगीत ठिपके. फ्रेम चांगली निघाली एवढंच. भिंग नेहमी पर्समध्ये असू द्या. आणि खरी चित्रं बघायची असतील तर फोर्ट वर्थला अमॉन कार्टर म्युझियममध्ये जा, १९६१ पासून आहे, प्रवेश फुकट, या दोघांच्या कामासाठीच आधी उभं राहिलं. ती बघून आलात की काय घ्यायचं नाही हे लगेच कळतं.

याउलट टेक्सासची खरी स्वस्त आणि मस्त गोष्ट म्हणजे ब्लूबॉनेट या इथल्या निळ्या रानफुलांची चित्रं. सॅन अँटोनियोचा ज्युलियन ऑन्डरडॉन्क (१८८२–१९२२) ही निळी शेतं रंगवून प्रसिद्ध झाला आणि त्याच्यानंतर राज्यातल्या प्रत्येक हौशी चित्रकाराने तीच रंगवली, त्यामुळे एस्टेट सेलला हातानं रंगवलेलं, ठिपके नसलेलं ऑइल पेंटिंग ३०-४० डॉलरला मिळतं. हो, त्यातली बरीच सुमार असतात, ओकचं झाड ब्रोकोलीसारखं असतं. पण आपण सगळे दर मार्च-एप्रिलला पोरांना त्याच फुलांत बसवून फोटो काढतोच की, त्यामुळे काउबॉयपेक्षा हे जास्त आपलं वाटतं. माझं मत इकडेच.

पैसेच खर्च करायचे नसतील तर १९३८ ते १९४१ मध्ये सरकारी खर्चाने केलेली नॅशनल पार्कची पोस्टर्स किंवा यूएसजीएस या सरकारी सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे डाउनलोड करून छापून घ्या, कायदेशीर आणि फुकट. ग्रँड कॅन्यनला जाऊन आला असाल तर तिकडचाच नकाशा.

एडवर्ड कर्टिस या जुन्या फोटोग्राफरचे नेटिव्ह अमेरिकन लोकांचे सेपिया फोटो पण खूप जण लावतात. सुंदर आहेत, पण त्याने बरेचसे मांडून काढलेत, एका फोटोत मधे चक्क घड्याळ होतं ते त्याने नंतर पुसून टाकलं. मला दुसऱ्याचे आजी-आजोबा शोभेसाठी टांगणं पटत नाही, तुमचं तुम्ही बघा.

नवाहो (नेटिव्ह अमेरिकन जमात) रग म्हणून विकणाऱ्यांपासून सावध. खऱ्या नवाहो विणकामाला सहसा टोकाला गोंडे नसतात कारण उभा धागा अखंड असतो, गोंडे दिसले तर बहुधा मेक्सिकोचा. मी एकदा उलटा करून बघितला तर लेबलवर मेड इन इंडिया, म्हणजे आपलीच सतरंजी, १८० डॉलरला! १९९० च्या कायद्याने नेटिव्ह कारागिराचं नाही ते त्यांचं म्हणून विकणं गुन्हा आहे, पण बाजारात "स्टाइल" हा शब्द बारीक अक्षरात असतो. सोलापूरची चादर भिंतीवर लावली तर तीही नक्षी आणि रंगात अजिबात परकी दिसत नाही, आमच्याकडे तशीच आहे. आणि गाईच्या कातड्याचा गालिचा, जो या सजावटीत हमखास असतो, तो आईच्या येण्याच्या आत परत केला. शिंगांची कवटी तर मी दुकानातच सोडली.

कितीही मोह झाला तरी सोफ्यावर एकच मोठं चित्र लावा, रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश, आणि खालची कड पाठीपासून सात-आठ इंचांवर. पाच-सहा छोटे घोडे, नाल, दोर, टोपी असं सगळं लावलं की खोलीचं बार्बेक्यू रेस्टॉरंट होतं, आमचं दोन महिने झालं होतं, नवरा येताजाता ब्रिस्केट मागायचा.

वीकेंड मोकळा असेल तर कँटनच्या फर्स्ट मंडे बाजारात जाऊन या, डॅलसपासून साठ मैल, महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आधीचे गुरुवार ते रविवार असतो, पुण्याच्या जुन्या बाजाराचा आजोबा समजा. गुरुवारी माल, रविवारी भाव. गाडीत टेप, टॉर्च, भिंग आणि दोन जुन्या चादरी टाकून ठेवा.