क्लोमिफीन, लेट्रोझोल, प्रोजेस्टेरॉन: बरेच महिने घेतल्यावरचा अनुभव (मूडबद्दल)

मूल व्हावं म्हणून ही औषधं देतात. गोळी कधी घ्यायची, सोनोग्राफीला कधी यायचं हे सगळे सांगतात, पण ती घेतल्यावर डोक्यात काय चालतं ते कुणीच बोलत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त त्रास क्लोमिफीनचा झाला. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी, पण चिडचिड गोळ्या संपल्यावरही चालूच. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागच्याने हॉर्न दिला की रडूच फुटायचं, अंगातून गरम वाफा निघायच्या, आणि घरी नवऱ्याने नुसतं "जेवलीस का" विचारलं तरी अंगावर धावून जायचे. वंध्यत्वाच्या उपचारांच्या सेंटरमध्ये सांगितलं तर "टेन्शन घेऊ नका", बस. ही गोळी मेंदूतले इस्ट्रोजेनचे (बायकांच्या शरीरातलं एक मुख्य हार्मोन) रिसेप्टर, म्हणजे ते ओळखणाऱ्या जागा, अडवते, मग मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलंय आणि तो एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडतो, त्याने अंडं वाढतं. शिवाय ती अंगात बरेच दिवस रेंगाळते. हे आधी कळलं असतं तर माझा स्वभावच बिघडलाय असं वाटलं नसतं.

मी मागे लागून लेट्रोझोलवर आले. ती इस्ट्रोजेन बनणंच थोडे दिवस कमी करते आणि लवकर उतरते. डोकं दुखलं, थकवा आला, पण रडारड खूप कमी. प्रत्येकीला असंच होईल असं नाही. आई आधी घाबरली होती, कारण 2011 मध्ये आपल्याकडे वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली होती, पण 2017 मध्ये ती बंदी उठली.

प्रोजेस्टेरॉनचं (गर्भ टिकावा म्हणून देतात ते हार्मोन) दुखणं वेगळंच. सुस्ती, छाती जड, उगाच उदास, आणि दिवस गेल्यावरही हेच होतं, त्यामुळे रोज सकाळी आशा लागते. त्या दिवसांत नणंदेचं डोहाळजेवण आलं, तर सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "तू नको येऊस गं, तुझं डोकं दुखतंय असं मी सांगते सगळ्यांना." खूप बरं वाटलं.

कॅलेंडरवर गोळी आणि मूड शेजारी शेजारी लिहा आणि तेच डॉक्टरांसमोर ठेवा, माझी गोळी त्यावरूनच बदलली. क्लोमिफीनवर नजर अंधुक झाली किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर लगेच कळवा. आणि जगणं नकोसं वाटलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फ्री आहे, मराठीत बोलता येतं.

क्लोमिफीन मी परत घेणार नाही, लेट्रोझोल दिली तर घेईन.