खोबरेलाचा साबण, सोड्याची पूड की रिठ्याचे पाणी?

कपड्यांचा साबण घरी करणे परवडते काय, असे कोणी विचारले की मी उलट एकच प्रश्न विचारते: तेल कुठून आणणार? गोव्यातल्या घरात हा साबण स्वस्त पडतो की महाग, हे बहुतांशी तेलावर ठरते. कॉस्टिक सोड्याचा (तेलाचा साबण करणारा तीव्र क्षार), पाण्याचा आणि श्रमाचा हिशेब त्यानंतरचा.

घरी करण्याजोगे तीन मार्ग आहेत. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेतून वडी तयार करणे, विकतची साबणाची वडी किसून तीत धुण्याचा सोडा मिसळणे, आणि रिठ्याचे पाणी काढणे. यांपैकी पहिल्यालाच खऱ्या अर्थाने साबण करणे म्हणता येईल. दुसरे निव्वळ मिश्रण आहे, तर तिसऱ्यात साबण नसतोच. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन नावाच्या द्रव्याने फेस येतो आणि मळ सुटतो.

1 किलो खोबरेलाला सुमारे 183 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा लागतो. व्यवहारात 178 ते 180 ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि सोडा जादा होत नाही. त्यात सुमारे 330 ग्रॅम पाणी धरले, तर वाळल्यावर 1.3 किलोच्या आसपास साबण हाती येतो. 2025 साली खोबरेलाचा भाव किलोला चारशे रुपयांच्या वर गेला होता. त्या भावाने नुसत्या तेलापोटीच किलोभर साबणाला तीनशे रुपये पडतात, आणि दुकानातली कपड्यांची साधी वडी किलोला शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दरात मिळते. आपल्याच भाटातले (बागायतीतले) नारळ घाण्यावर नेऊन तेल काढणारे म्हणतील की आमचे तेल फुकटचे. पण तेच तेल विकले असते तर पैसे आले असते, हे विसरून केलेला हिशेब खरा नव्हे.

तळणीचे उरलेले तेल ही गोष्ट मात्र वेगळी. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या) आणि चकल्या तळून झाल्यावर कढईत जे तांबूस तेल उरते, ते पुन्हा खाण्यात वापरू नये आणि मोरीत ओतले तर नळी तुंबते. हे तेल फडक्यातून गाळून, निम्मे खोबरेल घालून साबण करावा. सूर्यफुलाच्या तेलाला किलोमागे सुमारे 135 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, म्हणून दोन्ही अर्धा-अर्धा किलो घेतल्यास एकूण सुमारे 159 ग्रॅम होतो. वापरलेल्या तेलाची गरज नेमकी कळत नसल्याने 150 ग्रॅमच घ्यावा. नुसत्या तळणीच्या सूर्यफूल तेलाचा साबण मऊ राहतो आणि लवकर खवट होतो. खोबरेल त्याला कडकपणा आणि फेस देते.

हवामानाकडे दुर्लक्ष केले तर हा मार्ग फसतो. कॉस्टिक सोडा हवेतली ओल ओढून घेतो. एका आषाढात मी अर्धवट वापरलेली पुडी तोंड दुमडून फळीवर ठेवली होती. आठवड्याने त्यातल्या पापुद्र्यांचा ओलसर गोळा झाला होता, तरी काटा 150 ग्रॅम दाखवत होता म्हणून मी तोच घातला. वजनात निम्मे पाणीच असावे, कारण तो साबण शेवटपर्यंत तेलकट राहिला. पावसात वड्या वाळतही नाहीत. त्यांच्यावर घामासारखे थेंब येतात. म्हणून चवथीचे तेल बाटलीत गाळून ठेवावे आणि दिवाळीच्या तळणाचे तेल त्यात मिळवून नोव्हेंबरानंतर काम हाती घ्यावे. वड्या चार आठवडे वाऱ्यावर वाळू द्याव्यात. नुसत्या खोबरेलाचा साबण मात्र काही तासांतच दगडासारखा होतो, त्यामुळे तो त्याच दिवशी कापावा. दुसऱ्या दिवशी सुरीखाली त्याचे तुकडे उडतात.

कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. द्रावण क्षणात कडकडीत तापते आणि त्याची वाफ घशाला झोंबते, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. भांडे स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचा टोप कॉस्टिक खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. अंगावर थेंब पडल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे. घरात लहान मुले सदैव पायात घोटाळत असतील, तर हा मार्ग सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या मार्गात असा धोका नाही. 150 ग्रॅमची वडी बारीक किसून तितकाच धुण्याचा सोडा मिसळला, की बादलीमागे दोन मोठे चमचे पूड पुरते. वडी खऱ्या साबणाची हवी, डिटर्जंटची नव्हे, आणि सोडाही खाण्याचा चालणार नाही. आमच्याकडच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ असते. तिथे सोड्याचे प्रमाण निम्मे केले तरी चालते. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) किंवा समुद्र जवळ असेल आणि विहीर खारट असेल, तर साध्या साबणाची पांढरी साय कपड्यावर बसते, आणि तिथे खोबरेलाचा साबण उजवा ठरतो, कारण तो समुद्राच्या पाण्यातही फेस देतो. पूर्वी जहाजांवर तो याच गुणामुळे वापरत.

रिठा हा खर्चापेक्षा कपड्याच्या प्रकाराचा प्रश्न आहे. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून गाळावेत. रेशमी साडी, लोकर आणि पक्क्या नसलेल्या रंगाचे लुगडे यांना याहून सौम्य काही नाही. पांढऱ्या शर्टावर मात्र त्याची फिकट पिवळसर झाक राहते, कॉलरचा तेलकट मळ निघत नाही, आणि काढलेले पाणी फ्रिजबाहेर दोन-तीन दिवसांत आंबते. रिठ्याचे पाणी माशांना मारक असते, म्हणून ते ओहोळात किंवा तळ्यात सोडू नये.

डागांच्या बाबतीत पहिले दोन्ही प्रकार सारखेच फसवे. बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसात टॅनिन असते आणि क्षाराने तो डाग अधिक गडद होतो. भिरंडांचा (कोकमाच्या फळांचा) तांबडा डाग साबण लागताच निळसर जांभळा दिसू लागतो. अशा डागावर आधी थंड पाणी आणि लिंबू, आणि साबण सर्वांत शेवटी. चिऱ्याच्या मातीची लाली लोहाची असल्याने ती घरच्याच काय, दुकानातल्या साबणानेही सहजी जात नाही.

घरात पूर्ण स्वयंचलित यंत्र असेल, तर वडी आणि पूड दोन्ही त्यात घालू नयेत, कारण थंड पाण्यात साबण नीट विरघळत नाही, आणि त्याचा थर ड्रमवर आणि नळीत साचून पावसाळ्यात कुबट वास धरतो. घरच्या साबणाचा उपयोग दगडावर, ब्रशने घासायच्या कपड्यांपुरता ठेवावा: चादरी, पोतेरी, शेतातले कपडे, शाळेच्या गणवेशाची कॉलर. माझ्या घरी वर्षाला दोन किलो तळणीचे तेल साठते आणि त्याच्या वड्या या कामांना पुढच्या चवथीपर्यंत पुरतात. यंत्राची पावडर मी दुकानातूनच आणते.