गडद कापडासाठी पाण्यात विरघळणारे स्टॅबिलायझर

काळ्या किंवा गर्द निळ्या कापडावर भरतकामाची नक्षी उतरवणे जिकिरीचे असते, कारण अशा कापडाखाली दिवा ठेवून नक्षी गिरवता येत नाही आणि पांढऱ्या कार्बन पेपरच्या रेघा टाके घालता घालताच पुसट होत जातात. म्हणून मी मागच्या बाजूला गोंद असलेले, पाण्यात विरघळणारे स्टॅबिलायझर, म्हणजे भरतकाम करताना कापडाला आधार देणारा कागदासारखा पातळ थर, वापरून पाहिले. त्यावर इंकजेट प्रिंटरने नक्षी छापायची, मागचा कागद सोलून ते कापडावर चिकटवायचे, त्यावरूनच टाके घालायचे आणि शेवटी ते पाण्यात विरघळवायचे, एवढीच त्याची रीत आहे. नक्षी कापडाच्या सुलट बाजूवरच बसत असल्यामुळे ती उलटी छापावी लागत नाही.

रेघांचा नेमकेपणा मला फार आवडला. ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कापडावर तर याला तोड नाही, कारण स्टॅबिलायझरमुळे कापड ओढले जात नाही आणि उलटी टीप सरळ रेषेत येते. मात्र गोंद सुईला चिकटतो, त्यामुळे दोरा ओढताना हाताला जडपणा जाणवतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने सुई अधूनमधून पुसली की हा त्रास बराच कमी होतो. गाठीचे टाके घालताना तर सुई स्वच्छच हवी.

खरी कसोटी धुताना लागते. साखळी टाका किंवा दांडी टाका यांखालचे स्टॅबिलायझर कोमट पाण्यात लवकर सुटते, पण दाट भरलेल्या पाकळ्यांखाली त्याचा अंश अडकून राहतो आणि कापड वाळल्यावर तेवढाच भाग खळ दिल्यासारखा कडक लागतो. अशा वेळी पाणी बदलून पुन्हा भिजवावे, आणि हा अंश पूर्ण निघेपर्यंत इस्त्री मुळीच फिरवू नये. छपाईची शाई फिकट कापडावर उतरण्याचा धोका असल्यामुळे अशा कापडासाठी मी नक्षी फिक्या राखाडी रंगातच छापते. लाल आणि गडद दोऱ्यांचा रंग पक्का आहे का, हे आधी चिंधीवर टाके घालून व ती भिजवून पाहावे. रेशमी दोरा किंवा पाणी न सोसणारे कापड असेल, तर मी आजही जुन्या पद्धतीने टिश्यू पेपरवर नक्षी काढून ती धावदोऱ्याने कापडावर उतरवते. स्टॅबिलायझरचे उरलेले कागद हवाबंद पिशवीत ठेवावेत, कारण दमट हवेत ते मऊ पडतात आणि प्रिंटरमध्ये अडकतात.