तेल प्लगच्या कोणत्या टोकाला आहे, ते आधी पाहा

पेट्रोल गाडीला पिकअप मिळत नाही म्हणून गॅरेजला नेलीत आणि मेकॅनिकने तेलाने माखलेला स्पार्क प्लग समोर धरून “रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल” असं सांगितलं (रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, त्या इंजिन ऑइल वर येऊ देत नाहीत), तर कृपया त्या दिवशी एक रुपयाही देऊ नका. इंदुरात अशाच एका प्लगच्या जोरावर माझ्याकडून ४२,००० रुपये घेतले गेले आणि इंजिन उघडलंच गेलं नाही. पेट्रोल गाडीवाल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी २०१६ ची, चार सिलिंडरची हॅचबॅक. आईला घेऊन धुळ्याहून मामाकडून परत येत होते. खलघाटचा पूल ओलांडला तोवर काही तक्रार नव्हती. मानपूरच्या अलीकडचा भेरूघाट सुरू झाला आणि गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग उतरत होता, स्टिअरिंग थरथरत होतं आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय आणि ते पुढे कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतंय, असा त्याचा अर्थ. तो कन्व्हर्टर जळाला तर खर्च फार मोठा, त्यामुळे अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्यायची. आम्ही थांबत थांबत, दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढलो.

दुसऱ्या दिवशी रिंग रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. मालक गोड बोलणारा, पोरगं हाताशी. त्याने कॉइल (प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढल्या, प्लग काढले आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग माझ्या पुढ्यात धरला. त्यावरून तेल अक्षरशः ठिबकत होतं. “दीदी, रिंग बैठ गई. हाफ इंजन का काम है.” डिपस्टिकवर ऑइलची पातळी बरोबर आहे, मागून ऑइल जळल्याचा निळा धूरही नाही, मग रिंगा कशा गेल्या, असं मी विचारलं. “अभी शुरुआत है, दो महीने में धुआँ भी दिखेगा,” असं उत्तर मिळालं. रिंगा, हेड गास्केट (सिलिंडरवर बसणाऱ्या हेडखालचं पॅकिंग), व्हॉल्व्ह सील, होनिंग (सिलिंडर आतून घासणं), चार इरिडियम प्लग आणि मजुरी असा या “हाफ इंजन”चा अंदाज त्याने लिहून दिला. निम्मे पैसे आधी घेतले, निम्मे गाडी देताना. जुने पार्ट परत हवेत असं मी तिथेच सांगितलं होतं. गाडीबरोबर एका गोणपाटात ते मिळालेही.

गाडी सुरुवातीला छान चालली. पावसाळा लागला आणि तेच सगळं परत सुरू झालं: चढावर दम नाही, थरथर, पिवळा दिवा. गॅरेजवाला म्हणाला, पेट्रोल खराब असेल.

तेव्हा सुदामा नगरातल्या शेजारच्या काकांनी रामबागेकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेलं. मराठी माणूस, वय साठीच्या पुढचं, बोलणं कमी. त्यांनी आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने कोड बदलला, पी०३०१ आला. दोष कॉइलबरोबर सरकला होता. हे सगळं पाच मिनिटांचं काम. रिंग रोडवर स्कॅनर लावलाच गेला नव्हता.

त्यानंतर त्यांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. “ताई, तेल कुठे आहे ते नीट बघा.”

वर, पांढऱ्या चिनी मातीवर आणि षटकोनी भागावर तेल होतं. आट्यांच्या वरच्या भागातही थोडं होतं. खाली, जिथे ठिणगी पडते ते टोक मात्र कोरडं होतं. त्यावर बोटाला लागेल अशी काळी, भुरभुरीत काजळी होती, तेल अजिबात नाही. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले असते तर तेल सिलिंडरच्या आतून आलं असतं आणि ठिणगीचं टोकच ओलं, चकचकीत काळं झालं असतं. वरचं तेल वरूनच येतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग आणि प्लग ज्या नळीत बसतो तिचे सील कडक झाले की तेल झिरपून त्या नळीत साचतं. कॉइलचं रबर त्यात भिजून फुगतं, ठिणगी टोकापर्यंत न जाता बाजूने शॉर्ट मारते, पेट्रोल नीट जळत नाही आणि टोकावर काजळी धरते. पहिल्या गॅरेजने नळ्या पुसून नवे प्लग लावले होते, म्हणून काही काळ गाडी बरी वाटली. तेल पुन्हा झिरपलं आणि आजार परत आला.

नुसत्या कोरड्या काजळीनेही पुष्कळांना फसवतात. एअर फिल्टर तुंबलेला असतो, मिश्रणात पेट्रोल जास्त जातं, किंवा गाडी कायम घर ते सराफा एवढीच फिरते. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं तरच काजळी आपोआप जळून जाते. यातलं काहीही इंजिन उघडण्याचं कारण नव्हे.

मिस्त्रींनी कॉम्प्रेशनही (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते) मोजून दाखवलं. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, इंजेक्टर बंद करायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. आमच्या चारही सिलिंडरचे आकडे १७० पीएसआयच्या आसपास, एकमेकांना धरून. एखादा फार कमी आला असता तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजतात. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. हे कागदावर आल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका.

चारही आकडे चांगले आले, म्हणून त्या गॅरेजने नव्या रिंगा खरंच टाकल्या असतील, असं मला क्षणभर वाटलं. मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा तेही संपलं. जुनं पॅकिंग पापडासारखं तुटून हातात आलं. आत हेडचे बोल्ट दिसत होते. वर्षानुवर्षं तापलेल्या तेलाचा तपकिरी थर त्यांच्यावर अखंड होता, पान्याची एक खूणही नव्हती. हेड न काढता हेड गास्केट बदलता येत नाही.

मी घरून ते गोणपाट आणलं. मिस्त्रींनी त्यातलं “जुनं” हेड गास्केट उचललं आणि माझ्यासमोर धरलं. त्याला सिलिंडरची तीन भोकं होती. आमच्या इंजिनाला सिलिंडर चार.

प्लगही बिलात लिहिले होते ते, इरिडियमचे, नव्हते. इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटर असतो, सुईच्या टोकाएवढा. आमच्या गाडीत जाड, सुमारे अडीच मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडचे साधे प्लग होते. हा फरक कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बिल देण्याआधी एक प्लग काढून दाखवायला सांगा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, नळ्यांचे सील, एक कॉइल, चार प्लग आणि मजुरी मिळून ४,८०० रुपये झाले. त्यानंतर भेरूघाट चौथ्या गिअरमध्ये चढून आलो.

मला सर्वांत जास्त राग रकमेचा नाही. आई शेजारी बसलेली असताना लुकलुकत्या दिव्याची गाडी “काम झालं” म्हणून घाटात पाठवायला तो माणूस तयार होता.

गास्केट घेऊन त्याच्याकडे गेले तेव्हा तो आधी म्हणाला, पोराने दुसऱ्याची गोणी दिली. हेडचे बोल्ट कसे न उघडता राहिले, याला उत्तर नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग लेखी नोटीस पाठवली. त्यावर त्याने २०,००० परत केले. उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत कधीही जाता येतं. तक्रारीला अंदाजपत्रक, बिल, बोल्टांचे आणि गास्केटचे फोटो आणि मिस्त्रींनी सही करून दिलेला कॉम्प्रेशनचा कागद जोडला आहे. ज्यांना “हाफ इंजिन” केल्याचं बिल मिळालंय, त्यांनी जुन्या पार्टची गोणी भंगारात देण्याआधी गास्केटची भोकं मोजावीत आणि तसाच फोटो काढून ठेवावा.